आमच्या भिशीची केवायसी

३ ऑगस्ट, रविवार

भिशीच्या बैठकीत आज मी प्रस्ताव मांडला आणि मंजूरही करून घेतला. चौतीस वर्षं सरकारी लेखा कार्यालयात दुसऱ्यांच्या बिलांवर हरकती काढण्यात गेली. आता निवृत्त झालेय, तर स्वतःचं डोकं चालवणारच.

आमच्या कॉलनीतल्या दहाजणींची ही भिशी. दर महिन्याला जिला जमेल तेवढे पैसे तिने माझ्याकडे द्यायचे, मी ते बँकेत ठेवायचे आणि दिवाळीच्या तोंडावर जिचे तिला रोख परत करायचे. कुणाला नको असतील तर पुढच्या वर्षाला तसेच ठेवायचे. इतकी वर्षं चाललंय, कधी एका रुपयाचा घोळ नाही. पण बँकेचं व्याज बघितलं की माझं डोकं फिरतं. फेब्रुवारीपासून रिझर्व्ह बँकेने तीनदा दर उतरवले. कर्ज काढणाऱ्यांची चंगळ झाली आणि पै पै साठवणाऱ्या बायकांच्या तोंडाला पानं पुसली.

म्हणून ठरलं ते असं. प्रत्येकीने स्वतःच्या नावावर खातं काढायचं आणि भिशीचे पैसे इंडेक्स फंडात घालायचे, म्हणजे देशातल्या मोठ्या पन्नास कंपन्यांचा थोडा थोडा हिस्सा आपल्या नावावर. सगळं कायदेशीर, सगळं कागदोपत्री. अर्थव्यवस्था वाढतेय म्हणून रोज टीव्हीवर ऐकायचं आणि आपण मात्र डब्यात पैसे ठेवायचे, याला काय अर्थ आहे?

वैष्णवी नाही म्हणाली. शाळेत शिकवते, पण बाजार म्हटलं की हिला घाम फुटतो. "माझे रोखच द्या काकू," म्हणाली. देईन बाई. कुसाबाईंनी मात्र नेमका प्रश्न विचारला. "नावावर म्हंजे कागुद घरी येतो का?"

मी म्हटलं, कागद कसला, आता सगळं मोबाइलवर.

"घरी कायच येत नाय?"

"काहीच नाही."

"मंग बरंय," म्हणाल्या. चौथी शिकलेली बाई, पण प्रश्न मुद्द्याचा. मला कौतुक वाटलं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी पौर्णिमा. माझा भाऊ येऊन गेला. नारळीभात उरलाय.

दुपारी दूध आणायला गेले तर कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी कुसाबाई आणि त्यांची लेक निकिता उभ्या. निकिताने आईच्या हातात राखीची पुडी दिली आणि निघाली. म्हटलं, अगं घरात ये, भावाला राखी बांध. तर म्हणे, "घाई आहे काकू, दुकानात परत जायचंय." साड्यांच्या दुकानात कामाला लागलीय म्हणे, द्वारका चौकाच्या पुढे. देवळ्याला सासरचा कांद्याचा व्यापार, खळ्यावर रोज ट्रॅक्टरची रांग, आणि ही इथे येऊन साड्यांच्या घड्या घालतेय. आजकालच्या मुलींना हौस फार. यंदा कांद्याला भाव नाही हे मान्य, पण तरीही.

१८ ऑगस्ट, सोमवार

कुसाबाईंची केवायसी पूर्ण केली. आता फक्त दोघी उरल्या.

त्यांच्याकडे पॅन कार्डसुद्धा नव्हतं, ते आधारवरून घरबसल्या निघालं. बँकेचं खातं लाडक्या बहिणीच्या पैशांसाठी काढलेलं आहेच. अडचण एकच, आधार आणि बँक दोन्हीला मुलाचा मोबाइल नंबर जोडलेला. यांच्याकडे स्वतःचा फोनच नाही. म्हणजे ओटीपी येणार तो शेखरच्या फोनवर, आणि शेखर अंबडला कंपनीत. म्हटलं लावू फोन. बिचाऱ्याने मशीनच्या आवाजातसुद्धा प्रत्येक वेळी आकडा नीट वाचून दाखवला. "काकू, आईचं कसलं खातं?" म्हणून विचारलं, तेव्हा मी भिशीपासून इंडेक्स फंडापर्यंत सगळं समजावून सांगितलं. किती जमलेत तेही सांगितलं. "एवढे? आईकडे?" म्हणाला. आईचा अभिमान वाटला असणार. कुसाबाईंनी तीन वर्षं भिशीला हात लावलेला नाही, दहाजणींत सगळ्यात जास्त त्यांचेच आहेत.

वारस म्हणून त्या निकिताचं नाव सांगत होत्या. मी म्हटलं, सांभाळतो कोण, मुलगा ना? शेखरचं घातलं.

त्यांच्या घरी गेले की बसायच्या आधी चहा समोर येतो. आज मी तासभर होते तरी त्यांना चहाची आठवण झाली नाही. पडवीत गवार मोडत बसल्या होत्या, ती पण अर्धीच राहिली. वय झालं की असं होतं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

कालपासून अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के आयात कर लावला. काल गणपती बसले म्हणून बाजार बंद होता, आज उघडला आणि धाडकन खाली. आमचे पैसे गुंतवून चार दिवससुद्धा झाले नाहीत.

खरं सांगायचं तर दिवसभर सारखी खाती उघडून बघत होते. स्वतःचे असते तर इतकं वाटलं नसतं. पण भिशीच्या ग्रुपवर मी ठामपणे लिहिलं: "घाबरू नका. लाँग टर्म. पाच वर्षं मध्ये हात लावायचा नाही." सगळ्यांनी हात जोडले. सगळ्यात आधी शेखरने अंगठ्याचं चित्र टाकलं. कुसाबाईंच्या जागी त्याचाच नंबर ग्रुपवर घातलाय ना.

आमचे हे, म्हणजे रंगनाथराव, ओझरच्या कारखान्यात विमानांना रिव्हेट ठोकून निवृत्त झाले. त्यांचं मत विचारलं तर म्हणाले, "मला त्यातलं कळत नाही. पण बायका कुठे घाबरल्यात? तूच घाबरलीयेस."

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. आजपासून जीएसटी कमी झाला. किराणावाल्याला विचारलं, बिस्किटं, शाम्पू, तूप सगळं उतरणार का? "जुना स्टॉक संपू द्या ताई," म्हणाला. सरकारने सोडलं तरी हा सोडेल तेव्हा खरं.

संध्याकाळी कुसाबाई आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, मला माझे पैशे दिवाळीच्या आधी लागत्याल."

"कशाला?"

"लागत्याल."

मी त्यांना आत बसवलं आणि विरजणाचं उदाहरण देऊन समजावलं. दूध विरजलं की रात्रभर भांडं हलवायचं नाही, हलवलं की दही मोडतं. पैशाचं तसंच आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मधे मधे "हां" म्हणत होत्या. इतका वेळ कुणी माझं असं ऐकून घेतलं नव्हतं. ऑफिसात तर नाहीच.

गेल्यावर मात्र थोडं चुकचुकल्यासारखं वाटलं. का ते कळलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

कुसाबाई परत. यावेळी बसल्यासुद्धा नाहीत. "सगळे काढा," म्हणाल्या.

माझ्या मनाविरुद्ध होतं, पण पैसे त्यांचे. त्यांचं खातं उघडायला घेतलं तर अर्थातच ओटीपी शेखरच्या फोनवर. फोन लावला. तो हसला. "काकू, तुम्हीच ग्रुपवर लिहिलंत ना, पाच वर्षं हात लावायचा नाही? मग आता कशाला? आईला काय हवं ते द्यायला मी आहे ना." फोन स्पीकरवर होता. मला तर धन्य वाटलं. दहा घरांत एकाला तरी गुंतवणूक कळली.

"बघा, काय म्हणतोय मुलगा," मी म्हटलं. कुसाबाई "हां" म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

जेवताना ह्यांनी विचारलं, "कशाला हवे होते तिला?"

"विचारलं मी."

"काय म्हणाली?"

"लागतात म्हणाली."

"मग?"

मग काय मग? मी भाजी वाढली आणि विषय बदलला. पण राग आला तो कुणाचा, ते अजून ठरत नाहीये.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. यंदा बाजारातले मुहूर्ताचे सौदे संध्याकाळी नाहीत, दुपारीच झाले. म्हणून जेवणं उरकून सगळ्यांना घरी बोलावलं. टीव्ही लावला, पेढे ठेवले. बाजार वर आहे, आमची सगळ्यांची खाती हिरवी. मी प्रत्येकीला तिचा आकडा मोठ्याने वाचून दाखवला. बायका खूश. एकीने तर मला ओवाळायचंच बाकी ठेवलं.

सगळ्यात जास्त वाढ कुसाबाईंची, पण त्याच नव्हत्या. त्यांची सून पायल फराळाचं ताट देऊन गेली. "आईंना बरं नाही," एवढंच म्हणाली. चकली मऊ पडलीय. कुसाबाईंची चकली कधी मऊ पडत नाही, म्हणजे खरंच बरं नसणार.

वैष्णवी तेवढी गप्प बसून पेढा खात होती. तिचे रोख पैसे तिला मिळाले, तिला काय.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. काय लिहावं कळत नाही, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

सकाळी वैष्णवी भेटली. मी सहज म्हटलं, कुसाबाईंची निकिता आली का गं भावाला ओवाळायला? "तुम्हाला खरंच माहीत नाही?" म्हणाली आणि मग सगळं सांगितलं.

निकिता मे महिन्यातच देवळ्याहून निघून आली होती. नवरा हात उगारतो. एकदा नाही, नेहमीचं. शेखरने सांगितलं, परत नांदायला जा, या घरातून तुला एक रुपया मिळणार नाही. मग ती एका मैत्रिणीच्या घरी राहून साड्यांच्या दुकानात कामाला लागली. पंचवटीत एक खोली बघून ठेवली होती. तिचं डिपॉझिट आणि सुरुवातीचं भाडं कुसाबाई दिवाळीत भिशीतून देणार होत्या. घरमालक तेवढ्यासाठी थांबला होता. दिवाळी आली, पैसे आले नाहीत, खोली दुसऱ्याला गेली. मैत्रिणीच्या सासूने हिला जा म्हटलं. मागच्या आठवड्यात निकिता देवळ्याला परत गेली.

मी विचारलं, "हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं?"

"बहुतेक."

"मग मला कुणी का सांगितलं नाही?"

वैष्णवी चांगली मुलगी आहे, तिने खरं ते सांगितलं. "तुम्हाला सांगायची भीती वाटते काकू. तुम्ही लगेच निकाल देता."

खरंच देते. ऑगस्टमधलं पान आत्ता काढून वाचलं. "आजकालच्या मुलींना हौस फार" असं मीच लिहून ठेवलंय. लाज वाटली. फार वाटली.

२६ ऑक्टोबर, रविवार

शेखरकडे गेले. ठरवून गेले होते की चांगला फैलावर घेईन.

तो इतक्या अदबीने बोलला की माझं सगळं अवसान गेलं. खुर्ची दिली, पायलला चहा टाकायला सांगितलं. फोन काढून आईचं खातं दाखवलं. पै इकडची तिकडे नाही. उलट वाढलेत. "आईच्याच नावावर आहेत काकू. म्हातारपणी कामाला येतील. मी काय खाल्लेत का?"

"निकिताला गरज होती, शेखर."

"निकिताचं घर आहे देवळ्याला. आज खोली घेऊन दिली असती की ती कायमची इकडेच राहिली असती. मग उद्या काय? मी तिच्या भल्याचंच बघतोय." आणि मग म्हणाला, "तुम्ही ते विरजणाचं सांगितलं होतं ना आईला, ते आईने मला सांगितलं. एकदम पटलं मला."

त्याला वाईट म्हणावं तर तेही जमत नाही. स्वतःचं बरोबर आहे याची त्याला पक्की खात्री आहे. मला पण होती.

आयुष्यभर हरकती काढल्या, आज एकसुद्धा सुचली नाही. व्यवहार बिनचूक, खातं हिरवं, नाव आईचं. चहा पिऊन घरी आले.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

शेखर कामावर गेल्यावर कुसाबाईंना घरी बोलावलं. माझ्या पेन्शनमधून त्यांच्या रकमेएवढे पैसे काढून पाकिटात घातले होते, ते पुढे केलं.

त्यांनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. "तुमचे नको."

"समजा मी उसने दिले."

"नको. मी माझ्या लेकीला माझे देणार व्हते."

मी म्हटलं, "मला एकदा सांगायचं होतंत कुसाबाई. खरं कारण सांगितलं असतं तर मी असं केलं असतं का?"

कुसाबाई रागावलेल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "ताई, भिशीत कोण इचारतं का, कशाला पायजे म्हणून? मालक व्हते तव्हाबी घरात इचारायचे, आता ल्योक इचारतो. भिशीत कोणी इचारत नव्हतं. तेच तर बरं व्हतं तिच्यात."

मला रडू आलं. त्यांनीच उठून मला पाणी दिलं, माझ्याच घरात.

बारा महिने तेरा काळ ती भिशी मी चालवली, आणि ती कशासाठी आहे हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं व्याजासाठी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज कुसाबाईंना घेऊन द्वारकेला गेले. "बाजाराला चाललो," असं पायलला सांगितलं. ती "सावकाश या," म्हणाली आणि दारापर्यंत येऊन हळूच म्हणाली, "आधार कार्ड घेतलंत का?" म्हणजे तिलाही सगळं कळत होतं. तिनेच आतून आधार कार्ड आणून दिलं.

चौकात नेहमीप्रमाणे ट्रक, रिक्षा, एसटी सगळं एकात एक अडकलेलं. कुसाबाईंनी माझा हात धरून रस्ता ओलांडला. सिमच्या दुकानातल्या मुलाने विचारलं, नंबर कुणाच्या नावावर? मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "माझ्या." साधा बटणांचा फोन घेतला. पैसे त्यांनीच दिले, लाडक्या बहिणीचे.

मग आधार केंद्र. नंबर बदलायला बोटांचा ठसा लागतो, आणि यांचे ठसे काही उमटेनात. धुणीभांडी, शेण, राख, साठ वर्षं तीच बोटं. केंद्रातल्या मुलीने ओल्या रुमालाने पुसली, परत ठेवायला सांगितली, अंगठा दाबून धरला. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. "लागलं बघा आजी," म्हणाली. कुसाबाई ते बोट वर धरून बघत बसल्या.

तिथून त्यांच्या बँकेत. तिथेही नंबर बदलायचा अर्ज दिला, मी भरला, सही त्यांची. पासबुक त्यांच्याच ट्रंकेत असतं हे नशीब.

परत येताना रिक्षात त्यांनी पिशवीतून एक चिठ्ठी काढली, त्यावरचा नंबर मला लावायला सांगितला. मी लावून दिला आणि बाहेर बघत बसले. "निका, ह्यो माझा नंबर," एवढं कानावर आलंच. पुढचं रिक्षाच्या आवाजात गेलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बाजाराने चौदा महिन्यांनी नवा उच्चांक केला. टीव्हीवरचा माणूस इतका हर्षवायू झाल्यासारखा ओरडत होता की मी आवाज बंद केला. भिशीच्या ग्रुपवर लाडू, फुगे. मी काही लिहिलं नाही. एकीने विचारलं, "ताई गप्प का?" म्हटलं, घसा बसलाय.

फंडाच्या खात्यावर कुसाबाईंचा नवा नंबर आज लागला. एकदा अर्ज परत आला होता, सही जुळत नाही म्हणून. अशा हरकतीवर मी किती लोकांचे कागद परत पाठवले असतील देव जाणे.

उरलेल्या बायकांनाही एकेकीला गाठून विचारलं, तुमच्या खात्याला नंबर कुणाचा? चौघींच्या खात्याला नवऱ्याचा निघाला. त्यातल्या दोघी म्हणाल्या, असू दे, काही बिघडत नाही. दोघी काही बोलल्या नाहीत. त्या दोघींना म्हटलं, चला एक दिवस द्वारकेला.

८ डिसेंबर, सोमवार

कुसाबाई दुपारी आल्या. पदराखालून फोन काढून टेबलावर ठेवला आणि "काढा" म्हणाल्या.

बाजार आज खाली होता. परवाच रिझर्व्ह बँकेने आणखी एकदा दर उतरवला, म्हणजे चार दिवसांत बाजार पुन्हा उचल खाईल असं माझं मत. जिभेवर आलं होतं. गिळलं.

माझ्या मोबाइलवर त्यांचं खातं उघडलं. सगळं विकायचं, पैसे त्यांच्या बँकेत, तिथून त्या स्लिप भरून स्वतः काढणार. शेवटचं बटण दाबलं आणि टेबलावरचा त्यांचा फोन थरथरला. मी सवयीने हात पुढे केला. "द्या, आकडा सांगा."

त्यांनी फोन उचलला, छातीशी धरला. "नाय ताई. टीव्हीवर सांगत्यात ना, ह्यो आकडा कोणालाच सांगायचा नाय. बँकवाल्याला बी नाय."

मी हात मागे घेतला.

"कुठं दाबायचा तेवढं दावा," म्हणाल्या.

मी माझा मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला, चौकटी दाखवल्या आणि तोंड खिडकीकडे करून बसले. एक आकडा वाचायचा, चष्मा सारखा करायचा, तो दाबायचा, मग पुढचा. बराच वेळ लागला. एकदा वेळ संपून परत नवा आकडा मागवावा लागला. मी वळून पाहिलं नाही.

"झालं," म्हणाल्या.

मी चहा टाकला. पैसे कशाला हवेत ते विचारलं नाही.